नदीमुख आणि निष्ठा : आरमारी साहसकथेतील एका स्थळाचा विचार

१

साहसकथेला, त्यातही आरमारी साहसकथेला, आपल्या समीक्षाव्यवहारात फारसे स्थान मिळालेले नाही. जेथे तिचा विचार होतो तेथे तो बहुधा लोकप्रियतेच्या किंवा कुमारवाचकांच्या अंगाने होतो. नाहीतर ती साम्राज्यवादी मानसिकतेचा पुरावा म्हणून वाचली जाते. या दुसऱ्या वाचनाला मार्टिन ग्रीन यांच्या 'ड्रीम्स ऑफ ॲडव्हेंचर, डीड्स ऑफ एम्पायर' (१९७९) आणि एडवर्ड सैद यांच्या 'कल्चर अँड इम्पीरियलिझम' (१९९३) या ग्रंथांनी भक्कम सैद्धान्तिक आधार दिला. इंग्लंडने साम्राज्य उभारताना स्वतःला जी गोष्ट सांगितली ती म्हणजे साहसकथा, हे ग्रीन यांचे प्रतिपादन आज बव्हंशी मान्य झाले आहे. ते अमान्य करण्याचे कारण नाही. तथापि मान्य झालेल्या सिद्धान्ताचा एक धोका असतो. संहिता वाचण्यापूर्वीच तिचा निष्कर्ष आपल्या हाती असतो, आणि मग त्या निष्कर्षाला अडचणीत आणणारे संहितेतील तपशील नजरेआड होतात.

असा एक तपशील म्हणजे या कथांचे स्थळ. आरमारी साहसकथा म्हटली की डोळ्यांसमोर खुला समुद्र येतो : शिडांनी भरलेली जहाजे, वादळ, तोफांची सरबत्ती. प्रत्यक्षात या प्रकारातील अनेक महत्त्वाच्या कथा निर्णायक क्षणी खुला समुद्र सोडून नदीच्या मुखाशी येतात. अर्स्किन चाइल्डर्स यांची 'द रिडल ऑफ द सँड्स' (१९०३) ही कादंबरी उत्तर जर्मनीच्या एल्ब, वेझर, याडे आणि एम्स या नद्यांच्या मुखांभोवतीच्या उथळ पाण्यात घडते. सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअर मालिकेत फ्रान्सची तीन नदीमुखे येतात : जिराँद, ल्वार आणि सेन. हा निव्वळ योगायोग मानावा काय?

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की नदीमुख हे या कथांची केवळ पार्श्वभूमी नाही. ते कथेच्या रचनेत शिरते आणि तेथे दोन गोष्टी घडवून आणते. पहिली, साहसाची कसोटी शौर्याकडून ज्ञानाकडे सरकते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, ज्या निष्ठेवर आरमारी कथेचा डोलारा उभा असतो तिची सीमारेषा अस्पष्ट होते. साम्राज्याची गोष्ट सांगायला निघालेली कथा नदीमुखाशी आल्यावर, स्वतःच्या इच्छेविरुद्ध, त्या गोष्टीतील अडचण सांगू लागते.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीतील 'एस्चुअरी' हा शब्द भरतीवाचक लॅटिन शब्दापासून, 'एस्टस'पासून, आलेला आहे. म्हणजे या स्थळाचे नाव त्याच्या आकारावरून पडलेले नाही. तेथे दिवसातून दोनदा जे घडते त्यावरून पडले आहे. मराठीत आपण 'खाडी' म्हणतो. या शब्दात नदी आणि समुद्र यांच्यातील वाद मिटवण्याचा प्रयत्नच नाही. खाडीचे पाणी गोडे की खारे, हा प्रश्न कोकणातील माणूस तिथी आणि वेळ पाहिल्याशिवाय सोडवत नाही. उधाणाच्या भरतीला जेथून मचवा सहज जातो तेथे भांगाच्या दिवसांत तो चिखलात रुतू शकतो. स्थळ तेच असते आणि तरीही ते तेच नसते.

मिखाइल बाख्तिन यांनी कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या अभिन्न संबंधाला 'क्रोनोटोप' अशी संज्ञा दिली; आपण तिला 'कालावकाश' म्हणू. रस्ता, दिवाणखाना, उंबरठा ही त्यांनी दिलेली उदाहरणे सर्वपरिचित आहेत. उंबरठ्याच्या कालावकाशात माणसाच्या आयुष्यातील पेच आणि कलाटणी येते, असे ते म्हणतात. नदीमुख हा असाच एक उंबरठा आहे. मात्र हा उंबरठा स्वतःच हलतो. ओहोटी आणि भरती यांच्यामध्ये सुमारे सहा तास जातात, आणि त्या सहा तासांत जमिनीचे पाणी होते किंवा पाण्याची जमीन होते. खुल्या समुद्रावरील कथेत काळ हा प्रवासाचा काळ असतो, तो दिवसांनी आणि आठवड्यांनी मोजला जातो. नदीमुखावरील कथेत काळ मिनिटांवर येतो, आणि घड्याळ निसर्गाच्या हाती असते.

या घड्याळाचा सर्वांत सूक्ष्म उपयोग एका वेगळ्या प्रकारच्या कथेत आढळतो, आणि तुलनेसाठी तिची नोंद घ्यायला हवी. जोसेफ कॉनरॅड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही दीर्घकथा १८९९ मध्ये 'ब्लॅकवुड्स मॅगझीन'मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे मुख्य स्थळ आफ्रिकेतील नदी आहे, परंतु ती सांगितली जाते टेम्सच्या मुखात नांगरलेल्या 'नेली' या नौकेवर. नौका ओहोटीची वाट पाहत थांबली आहे, म्हणून मार्लोला बोलायला वेळ आहे. कथा संपते तेव्हा श्रोत्यांपैकी एक जण ओहोटीचा पहिला भाग हातचा गेल्याचे सांगतो. निवेदनाची सगळी लांबी भरतीच्या एका फेऱ्यात बसवलेली आहे. टेम्सचे मुख येथे साम्राज्याच्या राजधानीचे दार आहे, आणि मार्लो त्याच दारात बसून तेथेही कधीकाळी अंधारच होता, रोमन लोक असेच या नदीत शिरले होते, याची आठवण करून देतो. 'आपण' आणि 'ते' यांतील अंतर नदीमुखाशी बसून बोलताना टिकत नाही, एवढे कॉनरॅड यांच्या चौकटीतून स्पष्ट होते. कॉनरॅड यांना हे जाणीवपूर्वक दाखवायचे होते. ज्या लेखकांना ते दाखवायचे नव्हते, त्यांच्या कथांतही ते कसे घडते हा खरा प्रश्न आहे.

३

'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी उघडपणे एका राजकीय हेतूने लिहिलेली आहे. जर्मनीच्या वाढत्या आरमारी सामर्थ्याबद्दल इंग्लंड गाफील आहे, हा इशारा तिला द्यायचा आहे. संपादकाने एका खऱ्या वृत्तान्ताची नावे बदलून तो प्रसिद्ध केला आहे, अशी तिची बतावणी आहे. सोबत नकाशे जोडलेले आहेत. कादंबरीच्या अखेरीस मार्च १९०३ ची एक पुरवणी आहे. सरकारने उत्तर समुद्रावर नवा आरमारी तळ उभारण्याचा निर्णय घेतल्याची दखल तीत घेतली आहे. ललित कृती इतक्या तातडीने धोरणाच्या भाषेत बोलू लागते असे क्वचितच घडते.

कथानक थोडक्यात असे. परराष्ट्र खात्यातील कॅरदर्स हा काहीसा आत्मसंतुष्ट तरुण कारकून, विद्यापीठातील जुना परिचित डेव्हिस याच्या निमंत्रणावरून बाल्टिकमध्ये नौकाविहाराला जातो. डेव्हिसची 'डल्सिबेला' ही ऐटदार नौका नाही. एका जुन्या जीवरक्षक होडीची फेरबांधणी करून ती केलेली आहे, आणि उथळ पाण्यात टेकली तरी सरळ उभी राहते. काही दिवसांनी डेव्हिस खरी हकिकत सांगतो. डॉलमान नावाच्या गृहस्थाने वादळात जवळची वाट दाखवण्याच्या मिषाने त्याला एल्बच्या मुखातील होहेनहर्न या वाळूच्या पट्ट्यांत नेले आणि मरणाच्या दारात सोडून दिले. हा डॉलमान जर्मन नसून इंग्लिश आहे, असा डेव्हिसचा संशय आहे. दोघे कैसर विल्हेल्म कालव्यातून फ्रिजियन बेटांकडे जातात, आणि शोध सुरू होतो.

येथे प्रथम लक्षात येते ते असे की नायकाजवळ आरमारी नायकाचे कोणतेच बाह्य लक्षण नाही. डेव्हिसला आरमाराच्या प्रवेशपरीक्षेत अपयश आलेले आहे. त्याच्याजवळ तोफ नाही, हुकूम देण्यासाठी खलाशी नाहीत. त्याच्याजवळ आहे ते फक्त पाण्याचे ज्ञान. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या उथळ पट्ट्यात दोन बाजूंनी येणाऱ्या भरत्या कोठे भेटतात, तेथे पाणी किती वेळ टिकते, चिखलात रोवलेल्या काटक्यांच्या रांगा कोणती वाट दाखवतात, हे त्याला कळते. मार्गारेट कोहेन यांनी 'द नॉव्हेल अँड द सी' (२०१०) या ग्रंथात सागरी कादंबरीच्या केंद्रस्थानी नाविकाचे कसब ठेवले आहे. त्यांचे निरीक्षण चाइल्डर्सना विशेषच लागू पडते, परंतु त्यात एक भर घालावी लागते. खुल्या समुद्रावरील कसब हे सर्वत्र सारखेच चालणारे असते. ताऱ्यांवरून स्थान काढणारा नाविक कोणत्याही महासागरात ते काढू शकतो. नदीमुखाचे ज्ञान मात्र त्या जागेपुरते असते. वाळू सरकते, म्हणून ते ज्ञान जुनेही होते. छापील नकाशा तेथे अपुरा पडतो आणि डेव्हिस आपल्या नकाशांवर सतत दुरुस्त्या करीत राहतो.

कादंबरीतील सर्वोत्कृष्ट प्रकरण याच ज्ञानावर उभे आहे. दाट धुक्यात नॉर्डर्नायहून मेमर्टपर्यंत छोट्या होडीतून दोघे जातात. काहीच दिसत नाही. होकायंत्र, घड्याळ आणि पाण्याची खोली एवढ्याच आधारांवर डेव्हिस वाट काढतो, आणि कॅरदर्स वल्ही मारतो. येथे ना शत्रू समोर आहे ना लढाई, तरीही वाचकाचा श्वास रोखला जातो. पुढे मेमर्टला पोहोचल्यावर भूमिका उलटतात. तेथे खिडकीबाहेर उभे राहून गुप्त बैठकीतील संभाषण ऐकायचे आहे, आणि चांगले जर्मन येते ते कॅरदर्सला. डेव्हिस पाणी वाचतो, कॅरदर्स भाषा वाचतो. चाइल्डर्स यांनी गूढ उकलण्याची क्रिया अशी दोन प्रकारच्या वाचनांत विभागली आहे, आणि कोणतेही एक वाचन पुरेसे ठरत नाही. बैठकीतूनही कॅरदर्सच्या कानावर तुटक शब्दच पडतात, त्यांचा अर्थ त्याला पुढे जमवावा लागतो. उथळ पाण्यात जशी मधूनच वाळू वर येते तशी माहितीही तुकड्यांनीच वर येते. स्थळ आणि कथनरीती यांची ही एकरूपता हा या कादंबरीचा खरा वाङ्मयीन गुण आहे. तिच्यातील प्रेमकथा पुसट आहे आणि क्लारा हे पात्र पुरेसे जिवंत झालेले नाही, हे मान्य करूनही तो गुण उणावत नाही.

४

गूढ उकलते तेव्हा काय सापडते? डेव्हिसचा सुरुवातीपासूनचा सिद्धान्त असा की युद्धकाळात या उथळ वाटांना मोठे महत्त्व येईल, कारण मोठी जहाजे जेथे शिरू शकत नाहीत तेथे माहीतगार माणसांच्या छोट्या नौका शत्रूला हैराण करू शकतील. तो बचावाचा विचार करीत असतो. प्रत्यक्षात जर्मनीची योजना निघते ती आक्रमणाची. त्या किनाऱ्यावर समुद्राला अडवणाऱ्या बांधांतून पाणी सोडण्यासाठी दारे आहेत. कोकणातील खारबांधाच्या उघाडीसारखीच ही रचना. तिला तेथे 'झील' म्हणतात आणि भोवतालच्या वस्त्यांची नावेही तीवरून पडलेली आहेत. अशा सात ठिकाणांहून, उथळ पाण्यात चालणाऱ्या पडावांतून सैन्य बाहेर काढून, वाफेच्या बोटींनी ओढत थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरवायचे, अशी ती योजना आहे. तिच्या रंगीत तालमीत कॅरदर्स छपून सामील होतो आणि सत्य कळते.

या उकलीतील विरोधाभासाकडे पुरेसे लक्ष द्यायला हवे. जर्मन योजना आणि डेव्हिसचा सिद्धान्त या मूलतः एकाच कल्पनेच्या दोन बाजू आहेत : मोठ्या जहाजांचा गर्व सोडा, छोट्या आणि उथळ नौकांवर भिस्त ठेवा, स्थानिक माहितीला शस्त्र माना. डेव्हिसने जे प्रेमापोटी शिकले तेच शत्रूने हिशेबापोटी शिकलेले आहे. म्हणजे शत्रू जिंकला तर तो डेव्हिसच्याच तत्त्वाने जिंकेल. कादंबरी हे कोठेही स्पष्ट म्हणत नाही, पण तिची रचना दुसरे काही सुचवत नाही.

डॉलमानचे पात्र याच ठिकाणी महत्त्वाचे ठरते. तो पूर्वी इंग्लिश आरमारात अधिकारी होता, आणि त्याची ओळख पटते ती त्याने पूर्वी लिहिलेल्या नौकानयनाच्या एका छोट्या पुस्तकामुळे. डेव्हिससारखाच तोही किनाऱ्याचे पाणी जाणणारा, ते लिहून ठेवणारा माणूस आहे. दोघांच्या ज्ञानात फरक नाही. फरक फक्त ते कोणाला विकले यात आहे, आणि हा फरक पाण्यावर दिसत नाही. डेव्हिस त्याच्या मुलीवर प्रेम करतो, त्यामुळे देशद्रोह्याला पकडून देण्याची सरळ वाट त्याला घेता येत नाही. अखेर डॉलमान परतीच्या प्रवासात रात्री समुद्रात नाहीसा होतो. कायद्याला किंवा राष्ट्राला त्याचा न्याय करण्याची संधी कादंबरी देत नाही. नदीमुखाने निर्माण केलेला पेच खुल्या समुद्राच्या स्वाधीन करून ती मोकळी होते. ही रचनेतील दुबळी जागा मानली जाऊ शकते. माझ्या मते ती कादंबरीची प्रामाणिक कबुली आहे : ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो तिने बुडवला, सोडवल्याचा आव आणला नाही.

चाइल्डर्स यांच्या पुढील आयुष्याचा येथे मोह होतो. हे लेखक १९१४ च्या जुलैमध्ये आपल्या 'ॲस्गार्ड' नौकेतून आयरिश स्वयंसेवकांसाठी जर्मनीत खरेदी केलेल्या बंदुका हाऊथ बंदरात घेऊन आले, त्याच वर्षी ब्रिटिश आरमाराच्या सेवेत रुजू झाले, आणि २४ नोव्हेंबर १९२२ रोजी आयरिश यादवीत स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने त्यांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला. चरित्राने कादंबरीचा अर्थ ठरवण्याचा प्रमाद टाळलाच पाहिजे. १९०३ चा लेखक १९२२ चा माणूस नव्हता. तरीही एवढे म्हणता येईल की कोणत्या निष्ठेला निष्ठा म्हणायचे हा प्रश्न या संहितेत चरित्राच्या आधीपासून आहे. तो वाचण्यासाठी चरित्राची गरज नाही, पाण्याकडे पाहणे पुरे.

५

फॉरेस्टर यांचा होरेशिओ हॉर्नब्लोअर हा नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश आरमाराचा व्यावसायिक अधिकारी. तो हौशी नाही. म्हणून चाइल्डर्स यांचा निष्कर्ष येथे तपासून पाहता येतो : हुकूम, गणवेश आणि शिस्त यांचे कवच असताना नदीमुख काय करते?

'मिस्टर मिडशिपमन हॉर्नब्लोअर' (१९५०) मध्ये जिराँदच्या मुखात नांगरलेली 'पापियाँ' ही फ्रेंच नौका रात्री होड्यांतून जाऊन पळवून आणण्याचा प्रसंग आहे. गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांच्या संगमातून झालेले हे मुख सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे. मोहिमेची आखणी चोख आहे. प्रत्येकाला काम नेमून दिलेले आहे. चाइल्डर्स यांच्या कथेत नदीमुखाचे ज्ञान मिळवावे लागते, येथे ते आधीच हाती आहे. पण ऐन वेळी होडीतील हेल्स नावाच्या खलाशाला फेफरे येते, त्याचा आवाज शत्रूला सावध करील म्हणून हॉर्नब्लोअर त्याला सुकाणूच्या दांड्याने बेशुद्ध करतो, आणि पुढील धामधुमीत ती होडी हेल्ससह हरवते. मोहीम यशस्वी होते. मात्र यशाच्या हिशेबात न बसणारे एक शरीर मागे उरते. खुल्या समुद्रावर तोफगोळ्याने मेलेला खलाशी हा युद्धाचा बळी असतो. नदीमुखात शांतता राखण्यासाठी आपल्याच माणसावर उगारलेला हात तसा पुसता येत नाही. बळी शत्रूने घेतला की आपण, हे येथे सांगणे कठीण होते.

'फ्लाइंग कलर्स' (१९३८) मध्ये दिशा उलटी आहे. कैदेतून सुटलेला हॉर्नब्लोअर, पाय गमावलेला बुश आणि ब्राउन हे ल्वार नदीतून खाली येतात. गोड्या पाण्यावर ते कोणीच नसतात : कैदी, पाहुणे, वेषांतर केलेले प्रवासी. नाँत येथे हॉर्नब्लोअर डच जकात अधिकाऱ्याचा वेष घेतो आणि 'विच ऑफ एंडॉर' ही फ्रेंचांनी पकडलेली इंग्लिश नौका परत घेऊन मुखातून बाहेर पडतो. खाऱ्या पाण्याला लागताच त्याचे नाव, हुद्दा आणि कीर्ती परत येतात. येथे नदीमुख ओळख परत देणारे दार झाले आहे. पण हे दार उघडायला शत्रूचा वेष घालावा लागला, हे विसरता येत नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे उदाहरण 'लॉर्ड हॉर्नब्लोअर' (१९४६) हे आहे. 'फ्लेम' या ब्रिगवरील खलाशी क्रूर कप्तानाविरुद्ध बंड करतात आणि नौका सेनच्या मुखासमोरील उपसागरात, फ्रेंच बंदरांच्या नजरेच्या टप्प्यात, आणून उभी करतात. मागण्या मान्य झाल्या नाहीत तर नौका शत्रूच्या स्वाधीन करण्याची धमकी आहे. एक आक्षेप येथे घेता येईल : बंडाच्या कथा खुल्या समुद्रावरही घडतात, मग स्थळाला महत्त्व का द्यावे? उत्तर असे की खुल्या समुद्रावरील बंडखोराला पळून जाता येते, पण कोणाशी बोलता येत नाही. नदीमुखाशी उभ्या असलेल्या बंडखोराला दोन्ही बाजूंशी बोलता येते. जागेनेच त्याला राजकीय भाषा दिली आहे. त्या उथळ सीमेवर तो अजून देशद्रोही झालेला नाही आणि आता निष्ठावानही राहिलेला नाही.

हॉर्नब्लोअर हा पेच सोडवतो तो साम्याच्या युक्तीने. त्याची 'पोर्टा चीली' आणि बंडखोरांची 'फ्लेम' या एकाच बांधणीच्या, सारख्या दिसणाऱ्या नौका आहेत. एकीचे सोंग दुसरीने घेतल्यावर फ्रेंचांना राजनिष्ठ कोण आणि बंडखोर कोण हे ओळखता येत नाही. युक्ती यशस्वी होते. परंतु तिचे गृहीतक भयंकर आहे. निष्ठा आणि द्रोह बाहेरून अगदी सारखे दिसतात, म्हणूनच ती चालते. पुढे ल हाव्र बंदर ब्रिटिशांच्या हाती येते, तेही तेथील माणसांनी पक्ष बदलल्यामुळे. एका द्रोहाला फाशी आणि दुसऱ्याला सन्मान, हा विरोध हॉर्नब्लोअरला जाणवतो आणि तो त्याला शेवटपर्यंत पचवता येत नाही. अखेर बुशला नदीत वर, कोदबेकपर्यंत, पाठवले जाते आणि तेथील दारूगोळ्याच्या स्फोटात तो मरतो. सर्व मालिकेत निखळ, निःशंक निष्ठेचे एकच पात्र आहे, ते बुश. त्याचा मृत्यू समुद्रात होत नाही. भरतीच्या पाण्याबरोबर नदीत शिरल्यावर होतो. फॉरेस्टर यांनी हे प्रतीक म्हणून योजले असे म्हणण्याची आवश्यकता नाही. कथेच्या भूगोलाने ते योजले आहे.

६

आतापर्यंतचे विवेचन जहाजावरून केलेले आहे. मराठी वाचकाने तेथेच थांबावे असे मला वाटत नाही, कारण युरोपीय आरमारांच्या इतिहासात आपला किनारा बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला उभा आहे. किनाऱ्यावरून पाहिले की या कथांत एक पोकळी दिसते. नदीमुखाचे मूळ जाणकार तेथे राहणारे लोक असतात. चाइल्डर्स यांच्या कादंबरीत बार्टेल्स नावाचा मालवाहू नौकेचा नाखवा आहे. होहेनहर्नच्या संकटातून डेव्हिसला वाचवणारा तोच. त्याच्या ज्ञानाला संशय नाही, राष्ट्र नाही, धोरण नाही. पण कादंबरीला त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच. तो बाजूला होतो आणि त्याच्या पाण्याचा नकाशा दोन साम्राज्यांच्या भांडणाचा विषय होतो. येथे ग्रीन आणि सैद यांचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरते. स्थानिक ज्ञान उचलून राष्ट्रीय माहितीत रूपांतरित करणे ही साम्राज्याचीच क्रिया आहे, आणि नायकाचे निसर्गप्रेम तिला निष्पाप चेहरा देते. कथेतील ही क्रिया लवकरच प्रत्यक्षातही आली. १९१० मध्ये ब्रँडन आणि ट्रेंच या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना याच किनाऱ्यावर हेरगिरी करताना जर्मनीने पकडले, आणि खटल्यात या कादंबरीचा उल्लेख निघाला.

आपल्याकडील एक प्रसंग याच्याशेजारी ठेवून पाहावा. वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. इंग्रजांच्या दप्तरात तो 'घेरिया' म्हणून येतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि आंग्र्यांचे आरमार तेथेच जळाले. इंग्रजी वृत्तान्तांत ही चाचेगिरीविरुद्धची मोहीम आहे. मराठी इतिहासात ती तशी सरळ सांगता येत नाही, कारण या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. खाडीच्या मुखाशी जळालेले आरमार कोणाचे, आपले की शत्रूचे? पुणे दरबाराच्या नजरेतून एक उत्तर येते, किनाऱ्यावरून दुसरे. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा भूगोल प्राधान्याने गड, घाट आणि दरबार यांचा आहे. गडाला तट असतो. आत कोण आणि बाहेर कोण हे तेथे ठरलेले असते, आणि फितुरी झालीच तर ती एका दरवाजाशी होते. खाडीला तट नाही. १७५६ चा प्रसंग गडाच्या भूगोलात बसवला की त्याची फितुरीची किंवा दूरदृष्टीच्या अभावाची कथा होते. तो खाडीच्या भूगोलात लिहायचा तर निष्ठा हीच गोष्ट भरती-ओहोटीबरोबर कशी सरकते, हे सांगावे लागेल. ते सांगणे राष्ट्रगौरवाच्या भाषेला जड जाणारे आहे.

७

या सर्व विवेचनातून साहसकथेच्या साम्राज्यवादी वाचनाला पर्याय उभा करायचा नाही. त्यात एक दुरुस्ती सुचवायची आहे. साहसकथा ही सत्तेची कथा असते, परंतु तिला कोठेतरी घडावे लागते, आणि प्रत्येक स्थळ सत्तेला सारखेच सोयीचे नसते. खुला समुद्र सोयीचा असतो, कारण तो रिकामा मानता येतो आणि त्यावर रेषा आखता येतात. नदीमुखावर आखलेली रेषा पुढच्या भरतीला पुसली जाते. म्हणून तेथे शिरलेल्या आरमारी कथेत शौर्याइतकाच संशय असतो. डॉलमान, हेल्स, 'फ्लेम'चे बंडखोर आणि बुश ही सगळी माणसे त्या संशयाची किंमत आहेत. त्यांचा हिशेब या कथांना नीट मांडता आलेला नाही, आणि तो मांडता न येणे हेच त्यांचे सांगणे आहे.

लोकप्रिय वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासकाने म्हणून त्याची विचारसरणी ओळखून थांबू नये. ती विचारसरणी कोणत्या जागी अडखळते, कोणत्या पाण्यात तिचा तळ वाळूला लागतो, हेही पाहावे. अशी जागा सापडली की आपल्याला ज्ञात असलेल्या संहिताही पुन्हा वाचाव्या लागतात. आणि आपल्या ऐतिहासिक कादंबरीने गडावरून उतरून खाडीच्या मुखाशी यायचे ठरवले, तर तिला केवळ नवा देखावा मिळणार नाही. आपले कोण आणि परके कोण, हा प्रश्न नव्याने विचारावा लागेल.